दोन्ही खांद्यांवरून पदर

१९०५ साली नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना आधीच मिळालं होतं. पुढची पंचवीस वर्षं बाईने साडी कशी नेसावी, गजरा कुठे माळावा, रुसावं कसं आणि रुसवा गाण्यातून सांगावा कसा, हे महाराष्ट्र एका पुरुषाकडून शिकला. त्याच वर्षी मे महिन्यात मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई यांना मुलगी झाली. घरात तिला चंपाकली म्हणत. हीच पुढे हिराबाई बडोदेकर. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ग्रामोफोन कंपनीची माणसं आपली यंत्रं घेऊन वेल्समधल्या एका गढीत पोचली, बासष्ट वर्षांच्या अदेलिना पात्तीचा आवाज ध्वनिमुद्रित करायला.

पात्ती म्हणजे युरोपातल्या ऑपेराचं त्या काळातलं सगळ्यात महागडं नाव. बाईच्या आवाजातली सर्वांत उंच जात ती सोप्रानो, आणि त्यातही जिचा गळा वरच्या सप्तकात सहज आणि वेगाने फिरतो ती कोलोरातुरा सोप्रानो. मोझार्टच्या ‘द मॅजिक फ्लूट’मधली रात्रीची राणी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. १७९१ साली व्हिएन्नात रंगमंचावर आलेल्या या ऑपेरातलं ते काम मोझार्टने आपल्या मेहुणीसाठी, योसेफा होफरसाठी लिहिलं. सूडाने पेटलेली आई मुलीच्या हातात खंजीर देते आणि मग तिचे शब्दच संपतात, उरतात ते तुटक, टोकदार सूर, एकावर एक चढत जाणारे. आपल्या कानाला ही तान वाटते, पण फरक आहे. मोझार्टने ते सूर कागदावर लिहून दिले आहेत. आपली तान गाणारीने तिथल्या तिथे, रागाची हद्द सांभाळून घडवायची असते. इटालियन ऑपेरात मात्र गाण्याच्या शेवटी वाद्यवृंद थांबे आणि गायिकेला मोकळं रान मिळे. तिथे ती काय करते हे ऐकायलाच लोक पैसे मोजत. आपल्या संगीत नाटकात ‘वन्समोर’ मिळाल्यावर तेच पद दुसऱ्यांदा येई तेव्हा त्यात भर पडे ती अशाच मोकळ्या रानाची.

मराठी घरांना या जातीची एकच नायिका नावाने ठाऊक आहे, आणि तीही लिपस्टिकवरून. पॅरिसमध्ये १८८३ साली लियो दलीबचा ‘लाक्मे’ आला. लाक्मे ही हिंदुस्थानातल्या एका ब्राह्मणाची मुलगी, आणि तिचं घंटांचं गाणं म्हणजे कोलोरातुरा गळ्याची परीक्षाच. टाटांनी १९५२ साली सौंदर्यप्रसाधनांना तेच नाव दिलं. गंमत अशी, की तिकडे गोरी बाई हिंदू मुलगी होऊन गात होती, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त सुभद्रा होऊन भाऊराव कोल्हटकर गात होते.

यात हसण्यासारखं काही नाही. पोपच्या रोममध्येही बायकांना रंगमंच बंद होता, आणि तिथे स्त्रीभूमिका कास्त्राती करत, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेले गायक. आपल्याकडे निदान तेवढी क्रूरता नव्हती. पण बाईचं गाणं हवं आणि बाई नको, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

हिराबाईंच्या घरात बाईही होती आणि गाणंही होतं, फक्त समाजात बसेल अशी चौकट नव्हती. ताराबाई बडोद्याच्या सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या. राजदरबारात असलेल्या अब्दुल करीम खाँकडे त्या गाणं शिकल्या आणि दोघांनी बडोदं सोडलं. मुलगी मराठा सरदाराची, गवई मुसलमान. तेव्हा परतीचा रस्ता उरलाच नाही. पाच मुलं झाली. खाँसाहेबांनी पुण्यात १९१३ साली आर्य संगीत विद्यालय काढलं, शिष्य घरातच राहत. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई झाली, धाकटीची सरस्वती. हिराबाईंच्या नावापुढे वडिलांचं घराणं लागलं नाही, नवऱ्याचं आडनावही लागलं नाही. लागलं ते आईचं गाव.

वडिलांपासून दुरावलेल्या या मुलीला त्यांची किराना घराण्याची गायकी मिळाली ती भाऊ सुरेशबाबूंकडून आणि अब्दुल वहीद खाँकडून. वहीद खाँ म्हणजे अतिविलंबित लयीचे बादशहा. एकेका सुराभोवती इतका वेळ रेंगाळायचं की ऐकणाऱ्याने घड्याळ विसरावं. अशी तालीम घेतलेला गळा पुढे तीन मिनिटांच्या तबकडीत आणि नाटकातल्या चार ओळींच्या पदात बसवायचा होता. मला हिराबाईंचं सगळ्यात मोठं कसब इथेच दिसतं. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला उसंत नसते. तरीही सूर लागल्यावर त्या घाई करत नाहीत. तान येते ती शेवटाकडे, स्वच्छ, एकेक दाणा मोजून घ्यावा अशी, आणि आली तशी निघूनही जाते. तानेचं प्रदर्शन मांडायचं नाही, हे जणू आधीच ठरलेलं.

कोवळ्या वयातच विष्णु दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत त्या गायल्या आणि नाव झालं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांची गणना होते. तिकीट ही गोष्ट आज किरकोळ वाटते. त्या काळी बाईचं गाणं ऐकायचं तर तिच्या माडीवर जायचं किंवा तिला कोणा धनिकाच्या बैठकीला बोलवायचं, असे दोनच मार्ग होते. दोन्हीकडे ऐकणारा मालक आणि गाणारी त्याच्या मर्जीची. तिकिटामुळे ऐकणारा खुर्चीपुरता गिऱ्हाईक झाला, आणि तिकीट काढलं की त्याच्या शेजारी त्याची बायकोही बसू शकली.

आता थोडं आडवाटेने शिरूर-दौंडकडे जातो, कारण हा इतिहास पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांतून सांगितला की अर्धा राहतो. शिरूरहून न्हावरे मार्गे दक्षिणेला निघालं की भीमा ओलांडून पारगाव लागतं, आणि पुढे पुणे-सोलापूर रस्ता जिथे आडवा येतो ते चौफुला. पलीकडचा फाटा सुप्याकडे जातो. या चौफुल्यावर संगीतबारीची थिएटरं आहेत. त्यांना आता कला केंद्र म्हणतात. एकेका थिएटरात अनेक पार्ट्या, प्रत्येक पार्टीची मालकीण, तिच्या हाताखाली गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुली, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला. बैठकीची खोली फार मोठी नसते. बाई बसून लावणी म्हणते. एकच ओळ ती पाच-सहा वेळा म्हणेल. एकदा नजर खाली, एकदा भुवई उचलून, एकदा बोट ओठाशी नेऊन, एकदा नुसता श्वास सोडून. शब्द तेच, सूर किंचित वळवलेला, आणि दर वेळी अर्थ निराळा. समोरचा नोट पुढे करतो, ती दौलतजादा. हा माझ्या मते मघाच्या मोकळ्या रानाचाच प्रकार. फक्त इथे बाई गळ्याबरोबर डोळे आणि हातही गायला लावते.

ही परंपरा कालची नाही. शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची कबर आहे. ती १७४० साली गेली. गाणं-नाचणं येणारी बाई पेशव्याच्या आयुष्यात आली, पण शनिवारवाड्याच्या पंगतीत तिला मनापासून कोणी बसवून घेतलं नाही, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. तमाशाच्या फडात नाच्या पोरगा जाऊन बाई आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस; पवळा हिवरगावकरणीचं नाव त्यात पहिलं घेतात, आणि पठ्ठे बापूरावांचा फड तिच्यामुळेच गाजला. म्हणजे रंगमंचावर बाई हवी की नको, या ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायला पांढरपेशा नाटकाने १९२९ साल उजाडू दिलं, तो प्रश्न फडाने आणि बारीने कधीच सोडवला होता. किंमत मात्र त्या बायकांनी मोजली. पायात चाळ बांधला की लग्नाची वाट बंद.

आणि चौफुल्यापासून हाकेच्या अंतरावर केडगाव. दुष्काळाच्या वर्षांत पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती सदन उभं केलं आणि शेकडो निराधार मुलींना आसरा दिला. एकाच तालुक्यात, काही मैलांच्या आत, बाईच्या जगण्याचे हे दोन रस्ते. पुण्याहून सोलापूरकडे किंवा दौंडला गाडी बदलून नगर-मनमाडकडे निघालेली कोणतीही नाटक कंपनी, पडदे आणि ट्रंका डब्यात कोंबून, केडगाव स्टेशनवरूनच जात असे. पुणे-दिक्साळ लोहमार्ग १८५८चा, दौंड-मनमाड १८७८चा. संगीत नाटकाचा पसारा फिरत राहिला तो या रुळांच्या भरवशावर.

१९२९ साली हिराबाई नाटकात उतरल्या. त्यांच्या घरच्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा निघाली, आणि तिच्यात बायकांची कामं बायका करणार होत्या, पुरुषांची पुरुष. याआधी बायकांच्या कंपन्या नव्हत्या असं नाही. पण त्या नुसत्या बायकांच्या; तिथे अर्जुनही बाईच. स्त्री-पुरुषांनी एकाच रंगमंचावर, एकमेकांच्या डोळ्यांत बघून प्रेमाची पदं म्हणायची, यावर वर्तमानपत्रांतून वाद झडत. कुलीन स्त्रीने नाटकात काम करावं का, हा तेव्हाचा चर्चेचा आवडता विषय. चर्चा करणारे बहुतेक पुरुष होते, हे सांगायला नकोच.

‘सौभद्र’ त्यांनी केलं, गडकऱ्यांचं ‘पुण्यप्रभाव’ केलं. ‘सौभद्रा’ची निवड धीटपणाची म्हटली पाहिजे. सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर आणि बालगंधर्व यांनी गाऊन ठेवलेली जागा. प्रेक्षकाच्या कानात प्रत्येक पदाचा साचा पक्का. शंभराहून जास्त पदांचं हे नाटक, रात्री सुरू झालं की उत्तररात्रीपर्यंत चाले. ध्वनिक्षेपक नाही. पुढच्या खड्ड्यात ऑर्गन, सारंगी, तबला, आणि आवाज फेकायचा तो शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसापर्यंत. ऑपेराची गायिका नेमकं हेच करते: वाद्यवृंदाच्या वरून, कुठल्याही यंत्राशिवाय. म्हणून तिचा आवाज तसा घडवलेला, काहीसा कृत्रिम वाटावा इतका टणक असतो. हिराबाईंचा आवाज त्या जातीचा नव्हता. तो बारीक, गोड, मैफलीत दोन हातांवर बसलेल्या माणसासाठी घडलेला. तो रंगमंचावर कसा पुरला असेल? एक उत्तर असं, की किरान्यात सूर इतका नेमका लावतात की तो मोठा नसला तरी लांब जातो. दुसरं उत्तर कमी शास्त्रीय आहे: लोक गप्प बसत असतील. बाईने सुभद्रा गाणं ही तेव्हा ऐकण्यापेक्षाही बघण्याची गोष्ट होती.

पण वेळ चुकीची निघाली. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. बोलपटाचं तिकीट स्वस्त, खेळ दिवसातून तीन. तिकडे १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक होत्या. पण त्या नाटकात मुळात पदंच मोजकी. बाई रंगमंचावर आली तोवर तिच्या गाण्याची तिथली जागाच आक्रसत चालली होती. खुद्द बालगंधर्वांची मंडळी कर्जात रुतली आणि ते प्रभातच्या स्टुडिओत ‘धर्मात्मा’ करायला गेले. हिराबाईंची कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली. कर्ज राहिलं. ते हिराबाईंनी मैफली करून फेडलं. गावोगाव जाऊन, रात्र रात्र गाऊन, एकेक देणेकरी मोकळा करत. त्यांनी चित्रपटातही काम केलं, बाबुराव पेंटरांच्या ‘प्रतिभा’त त्या दिसतात. पण तिथे त्या रमल्या नाहीत.

माझ्या मते त्यांची खरी भूमिका यानंतर सुरू झाली, आणि तिचं नाव होतं ‘हिराबाई बडोदेकर’. मैफलीत त्या कशा बसत हे छायाचित्रांतून आणि आठवणींतून पाठ झालं आहे: साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पाठ सरळ, हात मांडीवर किंवा तानपुऱ्यावर, चेहरा जवळजवळ हलत नाही. हातवारे नाहीत, समोरच्याकडे बघून हसणं नाही, सम आली की मान डोलावणंही माफक. घरातली थोरली आत्या सणाच्या दिवशी बसावी तशी ही बाई बसे, आणि गाई मात्र पूरिया धनाश्री. याच बैठकीने मध्यमवर्गाची खात्री पटली. मग आपल्या मुलींना गाणं शिकवायला हरकत नाही असं लोकांना वाटू लागलं. सरोजिनी नायडूंनी त्यांना गानकोकिळा म्हटलं.

‘स्त्रियांच्या गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली’ हे वाक्य हिराबाईंबद्दलच्या प्रत्येक लेखात येतं. ते खरंच आहे. पण प्रतिष्ठा मिळवताना काय बाजूला ठेवावं लागलं, हे सहसा कोणी लिहीत नाही. बाजूला ठेवली ती नजर, भुवई, बोट; म्हणजे चौफुल्याच्या बाईचं भांडवल. अदा वगळून राहील ते शास्त्रीय आणि सभ्य, अदेसकट असेल ते ‘तसलं’, ही रेघ याच काळात ठळक झाली. हिराबाईंना त्यासाठी दोष देणं मूर्खपणाचं ठरेल. ज्या मुलीच्या आईबापांचं लग्नच समाजाने कधी मानलं नाही, तिला पदर सैल सोडण्याची चैन परवडणारी नव्हती.

ही रेघ किती कडक होती ते १९४६-४७च्या सुमारास दिसतं. सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री होते, आणि ज्यांच्या खासगी आयुष्याचा बोभाटा आहे अशा गाणाऱ्या बायकांना आकाशवाणीची दारं बंद करण्याचं धोरण आलं. हिंदुस्थानी संगीत ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं त्यांच्यापैकी कितीतरी जणी एका फटक्यात बाहेर गेल्या. आणि त्याच सुमारास, १५ ऑगस्ट १९४७ला, दिल्लीत ‘वंदे मातरम्’ गाण्याचं बोलावणं हिराबाईंना होतं.

बारीतल्या बायकांकडे सरकारचं लक्ष जायला वेळ लागला, पण गेलं. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७५ साली मिळाला, हिराबाईंना तो १९६५ साली मिळाला होता. पद्मभूषण हिराबाईंना १९७० साली. यमुनाबाईंना पद्मश्री २०१२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. अलीकडे भूषण कोरगावकरांच्या ‘संगीत बारी’ या पुस्तकाने आणि त्यावरच्या रंगमंचीय प्रयोगाने शहरी प्रेक्षकाला बैठकीची लावणी नाट्यगृहात आणून दाखवली. चौफुल्यावर मात्र आता फर्माईश बहुतेक चित्रपटगीतांची होते. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचीही कथा काहीशी तशीच: १९११ साली ऑपेरासाठी उद्घाटन झालं, आयुष्यभर नाटकं आणि सिनेमे दाखवले, आणि दुरुस्तीनंतर २०१६ साली ते पुन्हा उघडलं तेव्हा तिथे गायली पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईतच जन्मलेली, लंडनमध्ये नाव काढलेली सोप्रानो.

उतारवयात हिराबाई धाकट्या बहिणीबरोबर, सरस्वती राणे यांच्याबरोबर जुगलबंदी गाऊ लागल्या. सरस्वतीबाईंचा आवाज ‘रामराज्य’ या १९४३च्या चित्रपटामुळे घराघरांत पोचलेला होता. दोन बायकांनी एका बैठकीत ख्याल वाटून घेऊन गाणं तोवर जवळजवळ कोणी ऐकलेलं नव्हतं. थोरलीचा आलाप संथ, धाकटीची सरगम चपळ.

शिष्यांत माणिक वर्मा होत्या, आणि सुरेशबाबूंकडे आधी शिकलेल्या प्रभा अत्रे. प्रभाताई पुण्याच्या रास्ता पेठेतल्या, आईवडील दोघंही शिक्षणक्षेत्रातले, स्वतः विज्ञानाच्या पदवीधर आणि वर कायद्याच्याही. सुरेशबाबू १९५३ साली गेले आणि पुढची तालीम हिराबाईंकडे आली. डॉक्टरेट, आकाशवाणीतली नोकरी, देशोदेशीच्या मैफली हे सगळं नंतरचं. त्याआधी थोडा काळ प्रभाताईंनीही संगीत नाटकांतून कामं केली. त्यात ‘संशयकल्लोळ’ होतं, ‘मानापमान’ होतं, आणि ‘सौभद्र’ही होतं.